खुंटी बुडाली

बीड जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र जवळ वाटावा असं नकाशात तरी काही नाही. पहाटे मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पिऊन निघालं, तर पुणं ओलांडून, घाट उतरून समुद्र दिसायला दुपारचे चार वाजतात. तरी आमच्या घरात "जरा समुद्राला जाऊन येऊ" हे वाक्य शेजारच्या गावाला जाऊन येऊ म्हणावं तसं म्हटलं जायचं. एक दिवस जायचं, एक दिवस राहायचं, एक दिवस परत यायचं. तंबू म्हणजे पंपावर झाकायची ताडपत्री आणि चार बांबू. अशा चार-पाच सहली आम्ही केल्या. पहिली सोडून बाकीच्या अगदी नीट पार पडल्या, म्हणून त्यांच्यातलं मला फारसं काही आठवत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पालीच्या आमच्या पाणी उपसा सहकारी संस्थेत कामाला होते. तलावातलं पाणी पंपानं उचलून सभासदांच्या शेतात सोडायचं, हे संस्थेचं काम. आणि पाण्याच्या कडेला रोज संध्याकाळी बाभळीची खुंटी ठोकायची, हे अण्णांचं. दुसऱ्या दिवशी खुंटीपासून पाणी किती पावलं मागं गेलं ते मोजायचं, त्यावरून पाइप किती वाढवायचा आणि कुणाची पाळी कधी लावायची ते ठरायचं. पावसाळ्यात पंप बंद असे आणि खुंटी आमच्या घरात दाराआड उभी असे. दिवाळीनंतर ती बाहेर निघायची. त्यामुळं अण्णांच्या खुंटीनं जन्मभर पाणी पाहिलं ते मागं सरतानाच.

संस्थेची एक पत्र्याची छोटी होडीही होती. पाइपाच्या तोंडाशी गाळ अडकला की अण्णा तिच्यातून आत जायचे. माझ्या आईला त्या होडीत एकदा बसायचं होतं. एकदाच. डबा घेऊन ती तलावावर जायची आणि दरवेळी विचारायची. अण्णांकडं दरवेळी कारण तयार.

"आज वारा लई हाय."

"उद्या?"

"उद्या बघू. पाणी थिर होऊ दे."

अशी लग्नापासूनची पंधरा-सोळा वर्षं गेली. मग सलग तीन वर्षं पाऊस पडला नाही. पाणी मागं मागं गेलं आणि होडी तडकलेल्या गाळावर एका कुशीवर पडून राहिली. आता तर विचारायचीही सोय उरली नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तरी आई डबा द्यायला गेली की पदरानं होडीवरची धूळ झटकून यायची. ते मी पाहिलंय. अण्णांनीही पाहिलं असणार, पण ते मुद्दाम दुसरीकडं बघायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात पंप बंद, संस्थेचा पाइप वाहणारा टेम्पो बंद, पाटीवर चिमण्यांचं घरटं. संस्थेचे चेरमनकाका अण्णांचे लंगोटीयार, आणि त्यांना गप्प बसवत नसे. ते एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "बे, आपली संस्था पाण्याची. पाणी न्हाई तर पाणी आसंल तिकडं संस्थेनं जावं. समुद्राला जाऊ."

गाव हसलं. दुष्काळात सहली सुचतात म्हणून दोन म्हाताऱ्यांनी नावंही ठेवली. पण आईनं एकच प्रश्न विचारला. "तिथं होडी आसती का?"

चेरमनकाका म्हणाले, "वैनी, तिथं होड्याच होड्या."

आई त्याच रात्री दशम्या करायला बसली. चेरमनकाका आणि काकू, आम्ही तिघं आणि टेम्पोचा ड्रायव्हर, असे सहाजण निघालो. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळ्यातलं सगळं कळत होतं. आईनं दोन ड्रम पिण्याचं पाणी भरून घेतलं. समुद्राला पाणी घेऊन निघालेली बाई बघून ड्रायव्हर हसला, पण परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त पाणी त्यानंच प्यायलं.

पोचलो तेव्हा ओहोटी होती, हे मला आज माहीत आहे. तेव्हा दिसलं ते एवढंच, की पाणी लांब आहे आणि मधे भलंमोठं ओलं मैदान आहे. वर सुरूच्या झाडांजवळची वाळू भुसभुशीत, तिच्यात खुंटी धरेना. अण्णा चालत चालत पार खाली गेले, टाच आपटून बघितली आणि म्हणाले, "हितं. हितं जमीन घट हाय."

जवळच एक म्हातारा कोळी वाळूवर कलंडलेल्या होडीपाशी जाळं निवडत बसला होता. तो उठून आला. "पाव्हनं, हितं नका बांधू. भरती येल ना."

अण्णांना राग आला. "अठरा वर्सं पाणी मोजतोय मी. पाणी मला शिकवता का?"

मग त्यांनी पिशवीतून बाभळीची खुंटी काढली. होय, घरून आणली होती! पाण्याच्या कडेला ती ठोकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सकाळी बघा. चार पावलं तरी मागं सरलेलं आसंल."

म्हाताऱ्यानं दोनदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो आपल्या जागी जाऊन बसला. आई मात्र त्याच्या मागोमाग गेली आणि होडीत बसवाल का म्हणून विचारून आली. तो म्हणाला, सकाळी भरती आली की होडी उचलेल, मग या. आईला भरती कळली नाही, पण सकाळ कळली. ती परत आली तेव्हा गुणगुणत होती.

ताडपत्री बांधली. तीन दगडांवर काकूंनी पिठलं टाकलं. आईनं समुद्राच्या पाण्यात भांडी धुतली आणि ते धुतलेलं पाणी बादलीत भरून वर सुरूच्या झाडाला घालायला निघाली, कारण आमच्या घरी धुण्याचा थेंब न् थेंब कढीपत्त्याला जातो. "आगं, खारं हाय ते!" असं काकू ओरडेपर्यंत झाडाला पाणी पोचलंही होतं.

सूर्य बुडायला आला तेव्हा मी खुंटीकडं पाहिलं. तिच्या बुडाशी पाणी होतं. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, लाट हाय, जाईल मागं. मग पाणी खुंटीच्या कमरेला आलं. मग खुंटी दिसेना.

"अण्णा!" चेरमनकाका मोठ्यानं म्हणाले. "खुंटी बुडाली की!"

त्यानंतरची दहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. चुलीचा जाळ फस्सकन विझला. पिठल्याचं पातेलं डुलत डुलत निघालं आणि ड्रायव्हर त्याच्यामागं गुडघाभर पाण्यातून पळाला. काकूंनी दशम्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं, मी गोधड्या उचलल्या, चेरमनकाकांनी बांबू उपटले. अण्णा मात्र ताडपत्रीचा एक कोपरा धरून पाण्याकडं बघत उभे होते. शेवटी आईनं त्यांच्या दंडाला धरून वर आणलं.

सुरूच्या झाडांखाली आम्ही खारट पिठलं आणि दशम्या खाल्ल्या आणि पोट दुखेपर्यंत हसलो. एकटे अण्णा हसले नाहीत. चेरमनकाकांना तर चेवच आला होता, दर घासाला "खुंटी बुडाली". हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मलाही वाटलं आणि मी तसं बोललेही. बोलायला नको होतं. अण्णांनी ताट बाजूला सारलं.

"पहाटं निघायचं," ते म्हणाले. "मला न्हाई ऱ्हायचं हितं."

मला त्यांचा इतका राग आला! स्वतःची चूक, आणि शिक्षा आईला. अठरा-एकोणीस वर्षांनी होडी समोर आली होती आणि हे रुसून तिला परत नेणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच बोलली. आवाज न चढवता.

"तुमाला जायचं तर जा. मी होडीत बसल्याबिगर हितून हालत न्हाई."

आमच्या घरात आईनं असं पहिल्यांदाच ऐकवलं होतं.

सकाळी उजाडताना उठले तर अण्णांची गोधडी रिकामी. टेम्पो जागेवर होता. आई आणि मी खाली वाळूवर गेलो. पाणी रात्रीतून पुन्हा लांब गेलं होतं, आणि अगदी कडेला अण्णा उकिडवे बसले होते. त्यांची बाभळीची खुंटी त्यांना सापडली होती. ती त्यांनी पाण्यापासून दोन पावलं अलीकडं, कोरड्यात ठोकली होती.

"आवं, चहा घेता ना?" आई म्हणाली.

"थांब. येतंय."

आम्ही दोघी त्यांच्याजवळ बसलो. एक लाट आली आणि खुंटीपर्यंत पोचायच्या आत मागं गेली. दुसरी जरा पुढं आली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एका लाटेनं खुंटीला हात लावला आणि पाठोपाठच्या लाटेनं तिला वेढा घातला. अण्णा आईकडं वळले. इतके खूष मी त्यांना तीन वर्षांत पाहिले नव्हते.

"आलं बघ," ते म्हणाले. "कुणी न बोलवता आलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि मला रडू आलं. रोज संध्याकाळी हा माणूस तलावावर जाऊन पाणी किती दूर गेलं एवढंच मोजत होता, आणि घरी येऊन आम्हाला त्यातलं काही सांगत नव्हता. ते मला त्या सकाळी कळलं.

म्हातारा कोळी होडीपाशी उभा होता. पाणी तिच्या बुडाखाली शिरलं, ती जराशी हलली आणि कुणी हात न लावता सरळ झाली. अण्णा ते बघत राहिले. मग त्यांनी धोतर वर खोचलं, पाण्यात उतरले आणि आईपुढं हात केला.

"चल."

आईनं देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काठावर काढल्या, होडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढली. मी मागून चढले. म्हाताऱ्यानं वल्ही मारली. आईनं एका हातानं अण्णांचा सदरा घट्ट धरला होता आणि दुसरा हात पाण्यात सोडला होता. किनारा बराच मागं पडल्यावर तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "आवं, आज वारा हाय का?"

अण्णांनी मान खाली घातली. "हाय की. लई हाय."

"मंग?"

"आसू दे."

आई खो खो हसली आणि मग अण्णाही हसले. काठावरून चेरमनकाका दोन्ही हात तोंडाशी धरून तेच ते ओरडत होते. या खेपेला अण्णांनी त्यांना हात केला.

परत आल्यावर मात्र अण्णांनी बजावलं की ते दोन शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत कुणी काढायचे नाहीत. चेरमनकाका मग ओट्यावर उभे राहून काढायचे.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन तलावावर गेली. अण्णा खुंटी ठोकायला खाली निघाले होते. तिनं त्यांच्या हातातली खुंटी घेतली, वर गाळावर पडलेल्या होडीपाशी आली आणि दगडानं ती तिथं ठोकली.

"मागं किती गेलं ते लई मोजलं," ती म्हणाली. "आता हितवर कवा येतं ते बघा."

त्या वर्षी पाणी तिथवर आलं नाही. कुणीतरी खुंटीला शेळी बांधायला लागलं. अण्णा ती सोडून दुसरीकडं बांधायचे आणि खुंटी ढिली झाली असली तर पुन्हा ठोकायचे. उन्हाळ्यात आम्ही आणखी एकदा समुद्राला जाऊन आलो.

त्याच्या पुढच्या वर्षी भादव्यात तलावाच्या वरच्या अंगाला चार दिवस पाऊस लागून राहिला. पाचव्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती आणि मी चुलीपुढं होते. गल्लीतून कुणीतरी पळत येत असल्याचा आवाज आला. दारात अण्णा. एका पायात चप्पल नाही, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, धाप लागलेली. उंबऱ्याच्या आत येऊन ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"खुंटी बुडाली!"

आई पिठाच्या हातांनी तशीच उठली आणि निघाली. तव्यावरची भाकरी मी उतरवली नाही. मीही पळाले.