ओठ वाचणारा चहावाला

सीताबर्डीतल्या त्या चहाच्या ठेल्याजवळ कुणाची निंदा करू नये, हे मला जरा उशिराच कळलं. चहा पिऊन मी रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन मित्राला हळूच म्हणालो, "आज चहा पाणचट होता." मध्ये ऑटो, बस आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. तरी समोरून म्हातारा चहावाला गाळणी उगारून ओरडला, "पाणचट काहून म्हनता जी? दूधच टाकून राहिलो ना!"

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलंच, हे जमतं कसं? तो पूर्वी इथल्या कापड गिरणीत मागावर होता. "मागाच्या खडखडाटात कान काय कामाचे? आमी सारे ओठ पाहूनच बोलत होतो."

मालकाला बापाकडून मिळालेली ती गिरणी बंद झाली, तेही त्यानं असंच वाचलं. मालकानं सगळ्यांना मैदानात बोलावलं होतं. माइक हातात घेण्याआधी तो मॅनेजरच्या कानात कुजबुजला.

"काय म्हणाला?"

"म्हने, गिरनी बंद झाली, हे कामगाराईले सांगवत नाही मले. आमी साऱ्याईनं वाचलं अन् चुपचाप उठून घरी गेलो. बिचाऱ्याले तोंड कायले उघडाले लावाचं?"

परवा ठेल्यावरून निघालो आणि पलीकडच्या फुटपाथवरून, आवाज न काढता म्हणालो, "चहा फक्कड होता."

त्यानं मान हलवली. त्याचेही नुसते ओठच हलले, "खोटं बोलून राहिले जी."

तेवढं मलाही वाचता आलं.