ठोक्याचे आठ महिने आणि चार इंची भिंत

हां, तर काल गोष्ट अडकली होती ती जावयाच्या कानाखाली. ठोक्याने एकच लगावली, पण अशी की जावईबापू तीन दिवस कानात शिट्टी घेऊन फिरले. कारण काय, तर चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "मामंजी, तुमच्या जोडाला थेंब येतोय." ठोक्या जातिवंत प्लंबर. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करा, हसेल. जोड गळतो म्हणालात की संपलं!

त्याआधी तरी कारभार काय कमी होते? एका ठेकेदाराचे पुढचे दोन दात पाडले, आणि स्वतःच शोधून त्याच्या तळहातावर ठेवले. "घ्या, सामान मोजून घ्या." एका घरमालकाची नवी कोरी टाकी जिन्यावरून खाली सोडली, घरमालक जिन्यात असताना. लोकांचा राग नाकावर असतो, ह्याचा हातोड्याच्या दांड्यावर.

पण जावयाच्या थपडेनंतर लेकीने दारातच बजावलं, "बाबा, पुन्हा कुणावरही हात उचललात, तर नात विसरा. तुमच्या सावलीलाही उभी करणार नाही तिला."

नात दोन वर्षांची. आजोबांची मिशी दोन्ही मुठींत धरून नळासारखी पिळायची. ठोक्याने शब्द दिला, आणि आश्चर्य ऐका, आठ महिने पाळला. मग राग गेला कुठे? भिंतीत! पूर्वी चार ठोक्यांत निघणारी वीट आता एका ठोक्यात निघायला लागली.

नेमका इथेच घात झाला.

एका घराच्या मधोमध भिंत घालून दोन भावांनी वाटणी केली होती. अलीकडे थोरला, धंद्याने शिंपी. पलीकडे धाकटा, ट्रक चालवणारा. अलीकडच्या न्हाणीघराची जी भिंत, तीच पलीकडच्या स्वयंपाकघराची. भाऊ वर्षभर बोलत नव्हते. पण खोकायचे ते एकमेकांना उद्देशून.

शिंप्याला हौस आली शॉवरची. एकच मूठ, इकडे वळवली की पाणी खाली नळाला, तिकडे वळवली की वर शॉवरला. त्यासाठी भिंतीत डायव्हर्टर बसवायचा. ठोक्याने तो हातात घेतला, टेप लावली आणि मान हलवली.

"मास्तर, भिंत चार इंची, आणि हा पठ्ठ्या तीन इंच आत जागा मागतोय. उथळ बघून आणा."

"दुकानात हाच होता. आणि मामा, छिन्नी काय कुरवाळत बसलाय? दुपार झाली. म्हातारे झालात की काय?"

म्हातारा! आठ महिन्यांपूर्वी असं बोलणारा शिंपी त्या खाचेत स्वतःच बसला असता. ठोक्याने दात आवळले आणि तो शब्द छिन्नीच्या डोक्यावर घातला. धाड्! फरशी फुटली, वीट फुटली, छिन्नी मुठीपर्यंत आत गेली, आणि पलीकडून बाईची किंकाळी आली. अर्धी वीट थेट उकळत्या तेलाच्या कढईत पडली होती. धाकट्याच्या बायकोचा हात कोपरापर्यंत भाजला.

ती किंकाळी विरायच्या आत ट्रकवाला दारात. हातात चाक खोलायचा लोखंडी दांडा. "ह्याच भिंतीत गाडतो तुला!" पहिल्या फटक्यात बेसिन, दुसऱ्यात आरसा, तिसरा थोरल्याच्या बरगड्यांवर. काडकन आवाज आला. शिंपी आडवा.

ठोक्या मध्ये पडला. "अरे, चूक माझी, माझी छिन्नी..." तर उलट्या हाताची तोंडावर बसली. ओठ फाटला. ठोक्याने दोन्ही हात काखेत खुपसले. दुसरी बसली. नाकातलं रक्त मिशीत उतरलं. एका पोत्यात दोन बोके कोंबावेत, तसे ते हात काखेत धडपडत होते. तरी गडी भिंतीला पाठ लावून उभाच.

"मामा, मारा ना त्याला!" शिंपी खालून घोगऱ्या आवाजात ओरडला.

ओल्या फरशीवर दांडा हातातून निसटला, तसा ट्रकवाला भावाच्या छातीवर बसला. फुटलेल्या फरशीचा सुरीसारखा तुकडा त्याने उचलला आणि गळ्याला लावला. नुसता लावला नाही, ओढायला लागला. कातडी उकलली. रक्ताची धार मोरीच्या जाळीकडे धावली.

काखेतून हात काढले की नात गेली, हे ठोक्याला त्या क्षणीही कळत होतं. त्याने हात काढले. अठरा इंची पाइप पान्हा उचलला आणि ट्रकवाल्याच्या मनगटाच्या वर घातला. एकच. हाड वाळक्या फांदीसारखं मोडलं. तुकडा गळून पडला, आणि ट्रकवाला भावाच्याच अंगावर कोसळून हंबरडा फोडून रडायला लागला.

ठोक्याने शिंप्याच्या गळ्यावर टॉवेल दाबून धरला, शेजाऱ्यांना हाका मारल्या. दोघे भाऊ आणि भाजलेली धाकटी, तिघंही एकाच गाडीतून दवाखान्यात गेली. वर्षभरात पहिल्यांदाच एकत्र घराबाहेर पडली म्हणायची! गळ्याला नऊ टाके पडले, नस थोडक्यात वाचली. हाताचं विचारलं, तेव्हा ट्रकवाला म्हणाला, "न्हाणीघरात घसरलो." फरशीच्या तुकड्याची गोष्ट निघायला नको होती ना! आणि शिंपी? बांधलेल्या मानेने त्यानेही डोळ्यांनीच 'हो' म्हटलं. काही झालं तरी भाऊ.

इकडे ठोक्याने काम अर्धवट सोडलं नाही. पलीकडचं भोक बुजवलं, डायव्हर्टर ओळंब्यात बसवला, पाइप जोडले आणि सिमेंट भरण्याआधी पाणी सोडून पाहिलं. मूठ इकडे, नळ. मूठ तिकडे, शॉवर. खालचं रक्त धुऊन गेलं. जोडांवरून बोट फिरवलं, कोरडं ठाक.

मग तो लेकीकडे गेला. बातमी आधीच पोहोचली होती, अर्थात घसरल्याची. लेक दारात, मागे जावई, त्याच्या कडेवर नात, आजोबांकडे झेपावणारी. लेकीने फाटलेला ओठ पाहिला.

"तो घसरून पडला म्हणतात. खरं ना, बाबा?"

विचारता विचारता तिचीच मान होकाराची हलत होती. बापाने नुसतं 'हं' म्हणायचं होतं.

ठोक्या उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, "नाही. मी मारलं त्याला. एकदाच, पण हाड मोडेल असंच मारलं. आणि पुन्हा कुणी कुणाचा गळा कापायला बसला, तर पुन्हा मारीन. आता हिला माझ्याकडे द्यायची की नाही, ते तू बघ. मी उभा आहे इथे."