अंगठा आला, पाय गेला

मळणी यंत्रात उजव्या हाताचा अंगठा गेला, तेव्हा मी सिंदेवाहीत घरीच ब्लाऊज शिवायची. अंगठ्याविना कात्री धरता येत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी उजव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट काढून हाताला जोडलं. ते जगलं, हलू लागलं, सुई धरू लागलं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार पायाची आहे, आणि ती ऐकायला कोणाला सवड नाही.

घरी आले तर अर्धा मोहल्ला दारात. "दाखव ना वं, हलवून दाखव!" मी हलवून दाखवायची. बाया हसायच्या, पोरं त्याचं नख चाचपून पाहायची. मग हमखास एकजण विचारायची, "आता जोडवं कुठी घालशीन? हातात?" पहिल्यांदा मीही हसले. नंतर नंतर हा प्रश्न येताना दिसला, की मी आतल्या खोलीत निघून जायची.

स्लिपर घालावी तर पट्ट्याच्या बाजूला नुसती पोकळी. चालताना स्लिपर पुढे आणि मी मागे. बुद्धविहारात एका लग्नाला जेवण वाढताना ती निसटली आणि मी वरणाच्या बादलीसकट तोल जाऊन भिंतीला टेकले. चार जणी धावल्या. "हात सांभाळ, हात!" सगळ्यांनी हात वर धरून ठेवला. पायावर गरम वरण सांडलं होतं, तिकडे एकीचंही लक्ष नाही. सासूबाईच तेवढ्या ओरडल्या, "अवं, पाय पाहा ना तिचा! हाताले काय झालं?"

खरा जीव काढला तो मशीनने. माझी मशीन पायाची. पायडल दाबलं, की तळव्याच्या पुढच्या भागात, जिथून बोट काढलं तिथे, खाली गोटा ठेवल्यासारखं दुखायचं. डाव्या पायाने चालवून पाहिलं, तर चाक उलटं फिरून दोरा तुटायचा. अंगठा शिवायला तयार, पाय तयार नाही. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभं आणि मी पाय धरून बसलेली.

तपासणीला नागपूरला गेले. डॉक्टरांनी अंगठा वाकवला, सरळ केला, सुई धरायला लावली. इतके खूश झाले, की शिकाऊ मुलांना बोलावून आणलं. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, पाय."

"पायाची जखम छान भरली आहे."

"भरली, पण पायडल मारता येत नाही."

"हळूहळू सवय होईल, ताई."

"वरीस झालं साहेब, सवय होऊनच राह्यली!" असं म्हणून मी पाय उचलून सरळ त्यांच्या टेबलावर ठेवला. नवरा शरमेने खिडकीबाहेर पाहू लागला. डॉक्टरांनी तळवा दाबला आणि मी अशी किंचाळले, की ती सगळी मुलं मागे सरकली. मग कुठे त्यांनी नीट पाहिलं. बोट गेल्यामुळे भार भलत्याच हाडावर पडतो, तिथे घट्टा पडलाय, असं म्हणाले. मऊ गादीचा बूट लिहून दिला.

बूट चांगला आहे. पण धानाच्या रोवणीच्या चिखलात बूट घालून कोण उतरतं? मी आता बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या देते आणि बाकीच्या बाया म्हणतात, हिचं बरं आहे. थंडीत जखमेची जागा निळसर पडते, त्या पायात एकावर एक दोन मोजे घालावे लागतात.

मशीनला मोटर बसवून घेतली आहे. तीही पायानेच दाबायची, पण जोर लागत नाही. पहिल्या दिवशी ती अशी सुसाट सुटली, की शेजारणीच्या ब्लाऊजची बाही गळ्याला शिवली गेली. उसवून दिली. आता हात बसलाय. वीज गेली, की मात्र कपडा तसाच सुईखाली राहतो. अशा वेळी कोणी आलं आणि अंगठा दाखव म्हणालं, तर मी अगोदर मोजा काढते.