लादीची ऊब

खाण चालू होती तेव्हा फाटकासमोरच्या लाँड्रीत आठवड्याला चारशे जोड कपडे येत. लाँड्रीवालीला सगळी वस्ती मावशी म्हणायची. नुसती कॉलर बघून ती सदरा कुणाचा ते ओळखी. "तुझ्या बायकोला ठाऊक नसेल तेवढं मला तुझ्या सदऱ्याने सांगितलंय," असं म्हणून भल्याभल्यांची बोलती बंद करी.

खाण बंद झाली आणि कामाला ओहोटी लागली. आधी कामगारांचे कपडे थांबले, मग हॉटेलाचे टेबलक्लॉथ, मग शाळेचे पडदे. शेवटी यंत्रं सुटी करून नेणाऱ्यांचे डगले आले आणि तीही माणसं निघून गेली. नवरा दूरच्या शहरात पहारेकरी म्हणून लागला. घर विकायला काढलं, तर बघायलाही कुणी फिरकेना. मावशी मागे राहिली, दवाखान्याच्या चादरी धूत.

त्या हिवाळ्यात मागच्या खोलीत संध्याकाळी टाकलेल्या ओल्या चादरी सकाळी कडकडीत वाळलेल्या दिसल्या. शेगडी पेटवलेली नव्हती, खिडक्या बंद. तिने लादीवर तळवा टेकवला. लादी कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

"चला, जळण वाचलं," ती मांजरीला म्हणाली. मांजर तिथेच ऐसपैस पसरली.

परसात भर थंडीत टोमॅटोला फुलं आली. गल्लीतल्या बाकी झाडांच्या काड्या झाल्या होत्या. मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तिने खाणीच्या कंपनीला फोन लावला, तर तो नंबरच अस्तित्वात नव्हता. आणि एका सकाळी मांजर लादीवरून उठलीच नाही. अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

मावशीने दिराला बोलावलं. त्याने तीस वर्षं खाणीत गॅस तपासला होता. जुना कंदील पेटवून तो हळूहळू खाली नेऊ लागला. कमरेशी ज्योत लख्ख होती, गुडघ्याशी मलूल झाली, घोट्याशी विझली. खोलीत वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"वहिनी, तुम्ही झोपता कुठे?"

"खाटेवर."

"म्हणून वाचलात. जमिनीखाली कोळसा पेटलाय, त्याचा विषारी वायू लादीलगत साचलाय. पंखे गेले, पंप गेले, बघणारं कुणी उरलं नाही. आत्ताच्या आत्ता निघा."

मावशी दारापर्यंत गेली आणि तशीच मागे वळली. "भाऊजी, शेजारचे दोघं! त्यांनी गेल्या महिन्यात पलंग विकलेत."

शेजारी खाणीतला म्हातारा ड्रिलवाला आणि त्याची बायको राहत. दुपार झाली तरी दार आतून लावलेलं होतं. आत रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. तिने दार बडवलं, हाका मारल्या, तरी ओ नाही. दिराने पहारीने कडी उचकटली. दोघं सतरंजीवर शेजारी शेजारी निजलेली, गळ्यापर्यंत नीट पांघरूण घेतलेलं. त्यांना ओढत अंगणात आणलं. बऱ्याच वेळाने ड्रिलवाला खोकला. त्याची बायको खोकली नाही.

पुढे सरकारी माणसं आली आणि त्यांनी गल्लीला कुंपण घातलं. मावशीला दवाखान्यातच धुलाईचं काम मिळालं. ड्रिलवाला दिराच्या घरी राहू लागला.

दोन महिन्यांनी मावशी त्याला धुतलेले कपडे द्यायला गेली, तेव्हा तिचा हात धरून म्हणाला, "वर्षानुवर्षं तिचे गुडघे तिला झोपू देत नव्हते गं. त्या रात्री म्हणाली, आज कसं बरं वाटतंय. मीच म्हटलं, मग झोप सावकाश, मी उठवणार नाही."