टेरियरचे केस

बायको गेली तेव्हापासून तिचा छोटा टेरियर कुणाला फणी लावू देईना. केसांच्या गाठी झाल्या, खाली जखमा. शेवटी भांडुपच्या आमच्या खोलीवर कुत्र्यांचे केस कापणारी मुलगी बोलावली. नाव विचारलं नाही.

ती लादीवर बसली, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो गुरगुरून दमला आणि आपणच तिच्या मांडीशी आला.

"हट्टी जात, काका. ओढलं की चावणार. आपण बसून राहायचं."

"हट्टी दोघं आहोत इथं."

"गाठी सुटणार नाहीत. सगळे काढू?"

"काढ."

मुलगा आईच्या दहाव्याला आला, पण डोकं भादरलं नाही. ऑफिसात बरं दिसत नाही म्हणाला. माझं तर टक्कलच. तिच्यासाठी केस उतरवले ते या कुत्र्यानं.

"केस कचऱ्यात टाकू?" मुलीनं विचारलं.

"राहू दे. तिची राख सोडली, तिथंच सोडून येतो."