हवालदारांची राणी

"हलू नका, सायेब." एवढंच म्हणून हवालदार समोरच्या माणसाच्या अंगावर झुकत. वरच्या खिशातला रंगकामाचा बारीक ब्रश काढून जिभेवर ओला करत आणि त्याच्या कॉलरवरून, टोपीवरून, क्वचित कानाच्या पाळीवरून एखादी पंखवाली मुंगी अलगद उचलून घेत. पहिल्यांदा माणूस घाबरे, दुसऱ्यांदा चिडे, तिसऱ्यांदा निमूट उभा राही. साठ सालानंतरच्या त्या काळात कोरेगावच्या आमच्या शाळेतली बहुतेक माणसं तिसऱ्या पायरीवर पोचली होती.

शास्त्राच्या खोलीचे ते शिपाई, मी शाळेचा कारकून. फौजेत ते काही हवालदार नव्हते, एका गोऱ्या साहेबाचे ऑर्डर्ली होते. ही बढती त्यांना मिशांकडे बघून आम्ही दिली. साहेबाला मुंग्यांचं वेड. तो मायदेशी जाताना एक भिंग आणि मुंग्यांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक यांना देऊन गेला. त्यामुळे हवालदारांना इंग्रजी येई ते मुंग्यांपुरतंच. पेन्शनचं पत्र माझ्याकडून वाचून घेणारा हा माणूस मुंगीच्या कमरेवरच्या गाठींचं वर्णन मात्र घडाघडा वाचे.

तुम्हीही पाहिलं असेल. दोन दिवस झोडपून पाऊस थांबतो, ऊन पडतं, वारा पडतो, अंगाला नुसता घाम सुटतो. अशा दुपारी भिंतीच्या फटीतून पंखवाल्या मुंग्यांची रीघ लागते आणि घटकाभरात सगळ्या उडून जातात. आपण त्यांना हातानं झटकतो. हवालदार मात्र दारात येऊन शांतपणे सांगत, "आज लगीन हाय." मग तासाची घंटा कधी होईल याचा भरवसा नसे, कारण घंटाही त्यांच्याकडेच होती.

एका पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला असंच लग्न निघालं. हेडमास्तर त्यागाबद्दल बोलत होते. हवालदार सावधान मोडून पुढे गेले, त्यांच्या खांद्यावरची मुंगी उचलली, भिंगाखाली धरली आणि "न्हेमीचीच हाय, डोंगळ्याची," असं म्हणून परत खांद्यावर ठेवून आले. हेडमास्तरांना राग आला तो कशाचा, उचलल्याचा की परत ठेवल्याचा, हे आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही.

संस्कृतचे मास्तर एकदा म्हणाले, मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं म्हणायचं. हवालदारांनी त्यांना बाकावर बसवून समजावलं, की मरतात ते नवरे. राणी खाली उतरते, आपल्या हातानं आपले पंख मोडून टाकते आणि जमिनीखाली वर्षानुवर्षं संसार करते. मास्तर अविवाहित होते. त्यांनी विषय बदलला.

पण हे सगळं वरवरचं. हवालदारांचा जीव अडकला होता तो शाळेच्या कुंपणाच्या दगडी भिंतीत. तिच्या पायाशी तिळाएवढ्या, पोटावर सोनेरी लव असलेल्या मुंग्यांचं एक वारूळ होतं. साहेबाच्या पुस्तकात या जातीच्या कामकरी मुंगीचं अर्धं पान वर्णन होतं आणि खाली एकच ओळ होती: राणी अज्ञात. म्हणजे तिची राणी आजवर कुणी पाहिलेलीच नव्हती. ती आपण पाहायची आणि त्या ओळीपुढे लिहायचं, एवढीच या माणसाची इच्छा होती. नऊ वर्षं ते त्या भिंतीवर नजर ठेवून होते. एका वर्षी लग्न नेमकं रविवारी निघालं. एका वर्षी ते तपासणीसाहेबांसाठी चहा आणायला गेले होते. तो चहा त्यांनी साहेबांना कधी माफ केला नाही.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. नव्या वर्गांसाठी ती भिंत दिवाळीनंतर पाडायचं ठरलं, आणि हवालदारांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. ऐन श्रावणात त्यांना ऑपरेशनसाठी मिरजेला जावं लागलं. जाताना ब्रश आणि स्पिरिटची बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, पंखवाली दिसली की बाटलीत घाला. राणी मोठी असणार. पर किती मोठी, ते कुणी बघितलंय?"

आठ दिवसांनी उघडीप पडली आणि लग्न निघालं. मी ऑफिस उघडं टाकून धावलो. भिंतीपाशी उकिडवा बसून सोळा मुंग्या टिपल्या. कामकऱ्यांहून किंचित मोठ्या, नाजूक, सगळ्या एकसारख्या. मधेच एक भलताच दांडगा किडा माझ्या बाहीवर चढला. ही कुठली पाहुणी घुसली, म्हणून मी फुंकर मारून तिला उडवून दिली. स्वच्छ कामाची मला पहिल्यापासून आवड.

रविवारच्या गाडीनं बाटली घेऊन मिरजेला गेलो. हवालदार दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणे पडले होते. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या होत्या. वाचता येणार नव्हतं तरी पुस्तक आणि भिंग उशाशी होतं. त्यांनी मला भिंग घ्यायला लावलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. डोकं केवढं? बारीक. डोळे? डोक्याच्या मानानं मोठे. पोट? सडपातळ.

"समदे नवरे," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "दुसरं काय न्हाई निघालं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फुंकरीसकट सगळं सांगून टाकलं. त्यांच्या मिशा एकदा हलल्या. नऊ वर्षांच्या शिव्या ऐकायची माझी तयारी होती.

"पुस्तक काढा," ते म्हणाले. "त्या वळीपुढं कोरी जागा हाय. तुमी बघितली न्हवं? मग तुमीच लिवा. केवढी हुती?"

गव्हाच्या दाण्याएवढी, मी सांगितलं आणि लिहिलं. रंग तांबूस काळा, तोही लिहिला. ही दोन्ही उत्तरं खरी होती.

"पंख कसं हुतं? काचंवानी, का धुरकट?"

पंखांकडे मी पाहिलंच नव्हतं. आठवत नाही, एवढं म्हणायचं होतं. पण डॉक्टरांनी हलायला मनाई केलेली असताना त्यांनी पिशव्यांमधून मान उचलली होती.

"धुरकट," मी म्हणालो.

"व्हय. मला वाटलंच हुतं." त्यांनी मान खाली टेकली. मग म्हणाले, "खाली आनि एक वळ लिवा. बघणारा नवशिका, पर खोटं बोलणारा न्हवं."

मी तीही लिहिली. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, असं सगळे म्हणत.

दिवाळीनंतर भिंत पाडली. हवालदार जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले आणि वर्षभर येईल त्याला ते पान दाखवत राहिले. धुरकट हा शब्द ते फार मायेनं वाचत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पुस्तक मला दिलं आणि औंधाकडच्या आपल्या गावी गेले. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं.

पुस्तक अजून माझ्याकडे आहे. तो एक शब्द खोडावा म्हणून मी कितीदा तरी पेन हातात घेतलं. पण तो खोडला तर खालची ओळही खोडावी लागेल, आणि ती हवालदारांची आहे.