भिंतीपलीकडचा स्विच

माझ्या नावावर एक कारखाना निघतो आहे, हे मला स्वयंपाकघरात कळलं. मी थालीपिठाचं पीठ मळत होते. हे कागद घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हात धू आणि इथे सही कर."

कशावर सही, असं विचारायची आमच्या घरात रीत नव्हती, तरी मी विचारलं. माझा स्वभावच तसा. बेळगावला माहेरी असताना वडील म्हणायचे, हिला गप्प बसवायचं तर तोंडात लाडू कोंबावा लागेल. ह्यांच्याकडे लाडू नव्हता, म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

आमचं वर्कशॉप शहराबाहेर बनशंकरीच्या रस्त्याला, घरं संपून नाचणीची शेतं लागायची तिथे होतं. ह्यांनी एका मोठ्या सरकारी कारखान्यातली फोरमनची नोकरी सोडून ते काढलं होतं आणि मोठ्या कारखान्यांची सुट्या भागांची कामं ते घ्यायचे. कामगार विसाच्या थोडे वर होते. साठ सालानंतर प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा बदलला. आधी पन्नास माणसांच्या कारखान्याला तो लागायचा, आता विसावर आला. कामगारांच्या विम्याचा आकडाही वीसच होता. म्हणजे दर महिन्याला कामगाराच्या पगारातून कापा, तेवढीच भर मालकानं घाला आणि सगळं सरकारात भरा. ह्यांना ते अगदी जिवावर आलं.

मग सल्लागार आले. ते गृहस्थ कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले होते आणि उन्हापावसात काखेत छत्री घेऊन हिंडायचे. लोक त्यांच्याकडे कायदा विचारायला जायचे आणि पळवाट घेऊन यायचे. त्यांनी ह्यांना सांगितलं, "एका कारखान्याचे दोन करा. मधे भिंत घाला. अर्धी माणसं तुमची, अर्धी बाईंची. शिवाय नवा कारखाना म्हटला की फंडाला पहिली काही वर्षं सूट." सगळं कायद्यात बसतं, असं ते दर वाक्यानंतर म्हणायचे.

मी सही केली. खोटं कशाला सांगू, दारावर माझ्या नावाची पाटी लागली तेव्हा मला बरंही वाटलं. शेजारच्या बाईंनी "आता काय बाई, मालकीणबाई!" म्हणून चिडवलं. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली ती मालकी होती.

भिंत मात्र खरीच बांधली. सल्लागार म्हणाले, दार ठेवायचं नाही, खिडकी ठेवायची नाही, नाहीतर इन्स्पेक्टर एकच कारखाना धरेल. वीट वर चढत गेली आणि आतला उजेड कमी होत गेला. माझ्या बाजूला एकच खिडकी राहिली, तीही कोळशाच्या वखारीकडची. तिथे पहिल्यांदा एकटी उभी राहिले तेव्हा मला भीती वाटली. कशाची ते सांगता आलं नसतं. ह्यांना म्हटलं, तर ते म्हणाले, "नव्या चुन्याचा वास आहे तो."

अडचण शाफ्टची होती. त्या काळी लहान वर्कशॉपमध्ये प्रत्येक लेथला, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राला, वेगळी मोटर नसे. छताखालून एक लांब लोखंडी दांडा फिरायचा, तो शाफ्ट. त्याच्यावर चाकं, आणि चाकांवरून खाली एकेका लेथला चामड्याचा पट्टा. सगळ्यांना फिरवणारी मोटर एकच, आणि तिचा स्विचही एकच. भिंत घातली तरी शाफ्ट कापता येईना. म्हणून भिंतीला वर एक भोक ठेवलं, शाफ्ट त्यातून माझ्या बाजूला आला, आणि भोकाच्या कडेनं पत्रा ठोकून टाकला. मोटर आणि स्विच ह्यांच्या बाजूला राहिले.

कामगारांनी कुरकुर केली नाही. पगारातून काही कापलं जाणार नाही म्हणून ते उलट खूश होते. एकच माणूस बोलला. हा माझ्या बाजूचा, आनेकल गावचा टर्नर होता, लेथवर भाग कातणारा. रोज पहाटेच्या बसनं यायचा, कामाला पक्का आणि तोंडाला फटकळ, म्हणून माझं त्याच्याशी जमायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, म्हणजे यंत्रा-हत्यारांच्या पूजेला, सल्लागारांनी दोन पूजा करायला लावल्या, भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. दोन कोहळे फोडले, दोन्हीकडे कुंकू. तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. वर बघत म्हणाला, "अक्का, शाफ्ट एक, कोहळे दोन. कुणाला पोचणार?"

"गप्प बस," मी म्हटलं. "प्रसाद घे."

"सरी, अक्का," तो कन्नडमध्ये बरं म्हणाला आणि चुरमुरे घेऊन गेला. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना.

खरी गोष्ट पुढे महिन्याभरात दिसायला लागली. पट्टा चाकावरून घसरतो, हे रोजचंच होतं. भिंत नव्हती तेव्हा ज्याचा पट्टा घसरला तो हात वर करायचा. स्विचजवळचा माणूस ते बघून मोटर बंद करायचा, पट्टा चढवला की पुन्हा चालू. आता माझ्या बाजूच्या माणसानं हात वर केला तरी बघणार कोण? त्यानं माझ्या दारातून बाहेर पडायचं, वखारीला वळसा घालायचा, ह्यांच्या दारातून आत जायचं, मोटर बंद करा म्हणून सांगायचं, परत वळसा घालून यायचं. तोवर दोन्हीकडचे सगळे लेथ उभे. ह्यांनी दोन-तीनदा शिव्या दिल्या. मग माणसं जायचीच बंद झाली. चालू शाफ्टवर काठीनं पट्टा ढकलून चढवायला लागली, आणि काठी हाताशी नसली तर हातानं.

मी ते पाहत होते. पगाराच्या दिवशी मालकिणीनं स्वतः बसलेलं दिसलं पाहिजे, असा सल्लागारांचा हुकूम होता, म्हणून शनिवारी मी तिथे खुर्ची टाकून बसायची. ह्यांना दोनदा सांगितलं की माझ्या बाजूला एक स्विच द्या. "दोन कारखान्यांना एका मोटरचे दोन स्विच? इन्स्पेक्टरला आमंत्रणच दे त्यापेक्षा," हे म्हणाले. 

त्या शनिवारी दुपारी आनेकलच्या टर्नरचा पट्टा घसरला. काठी दुसऱ्या कुणी नेली होती. तो स्टुलावर चढला आणि हातानं पट्टा चाकावर लोटला. पट्टा चढला, आणि त्याबरोबर शर्टाची बाहीही गेली.

तो ओरडला, "निल्सी! निल्सी!" थांबवा, थांबवा. आम्ही सगळेच ओरडायला लागलो. भिंतीवर मुठी आपटल्या. पलीकडे तेवढाच आवाज होता, शाफ्टचा आणि लेथचा, त्यांना काय ऐकू जाणार? कुणीतरी त्याच्या कमरेला मिठी मारून खाली ओढत होतं. मी पळाले. चपला तिथेच राहिल्या. दारातून बाहेर, वखारीचे कोळसे पायाखाली, वळसा, ह्यांचं दार. स्विचजवळचा माणूस विडी पेटवत होता. मला बघून तो अदबीनं उभा राहिला आणि त्यानं विडी पाठीमागे लपवली. स्विच मीच खाली ओढला.

शाफ्ट लगेच थांबत नाही. बंद केल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सरकारी इस्पितळात कारकुनानं पहिला प्रश्न विचारला, "विम्याचं कार्ड?" विमा असता तर औषधपाणी आणि पुढचं सगळं त्यातून झालं असतं. कार्ड नव्हतं, कारण कायद्याच्या लेखी आमचे दोन्ही कारखाने लहान होते. उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला. त्याची बायको आनेकलहून आली आणि भिंतीला पाठ लावून बसली. 

सल्लागारांचा चेहरा त्या आठवड्यात प्रथमच उतरलेला पाहिला. विमा नाही म्हटल्यावर जुना भरपाईचा कायदा लागू होत होता, आणि तो म्हणत होता की कामावर माणूस अधू झाला तर मालकानं स्वतः भरून द्यायचं. मालक म्हणजे मी. ह्यांनी भिंत बांधून जे टाळलं होतं, ते घराच्या पुढच्या दारानं आत आलं होतं. पण सल्लागारांकडे अजून एक पळवाट होती. कामगारानं सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला असेल आणि माणूस जिवंत असेल, तर मालक सुटू शकतो.

"नियम कुठे होता?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूच्या भिंतीवर पाटी लागली. चालत्या पट्ट्याला हात लावू नये, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. रंग ओला होता. सल्लागारांनी तिच्यावर मूठभर कोळशाची भुकटी फुंकली आणि फडक्यानं हलकं पुसून घेतलं. ती पाटी वर्षाची जुनी दिसायला लागली. मला शिसारी आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण हे बाजूला उभे राहून मान डोलावत होते. ह्या माणसाबरोबर मी संसार केला होता, आणि कामगाराला ताप आला तर स्वतः सायकलवर डॉक्टरकडे नेणारा माणूस म्हणून मी त्यांना ओळखत होते.

भरपाईच्या कमिशनरांसमोर आम्ही उभे राहिलो तो दिवस मला नको असताना आठवतो. खोली लहान, पंखा कुरकुरणारा. टर्नर बाकावर बसला होता. शर्टाची रिकामी बाही त्यानं पिन लावून वर दुमडली होती. आदल्या रात्री ह्यांनी मला एकच वाक्य पाठ करायला लावलं होतं: पाटी पहिल्यापासून होती. बाकी सगळं सल्लागार बोलणार होते.

कमिशनरांनी मला इंग्रजीत विचारलं, मग मला समजलं नाही असं वाटून कन्नडमध्ये विचारलं, "पाटी केव्हा लावली, अम्मा?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. टर्नर माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता. मी काय बोलणार ते आपल्याला माहीत आहे, असं त्याचं तोंड झालं होतं. त्याचा मला फार राग आला.

"अपघातानंतर," मी म्हणाले. "आणि हातानं पट्टा चढवल्याशिवाय त्याला इलाज नव्हता. स्विच भिंतीपलीकडे आहे. माणूस माझा आहे."

सल्लागारांनी छत्री उचलली. त्यानंतर ते आमच्या घरी कधी आले नाहीत.

भरपाई द्यावी लागली. दोन्ही कारखाने एकच धरले गेले, फंड आणि विमा दोन्ही लागू झाले. ह्यांनी भिंत मात्र पाडू दिली नाही. मग एका सकाळी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला. "माणूस माझा म्हणालीस ना? मग जा. चालव."

मी गेले. पहिलं काम म्हणजे माझ्या बाजूला स्विच बसवून घेतला. पहिल्या पगाराला कापाकापी बघून माणसं माझ्यावरच उखडली. "अक्का, हे काय कापलं? आधी बरं होतं!" मी त्यांना फंड समजावून सांगत बसले. निम्म्यांना पटला नाही.

मग एक दिवस टर्नर आला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. आमच्याकडे रीत होती, घरातला एक माणूस कामातून गेला की त्याच्या जागी दुसरा यायचा. ती रीत कुणी लिहिलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. टर्नर म्हणाला, "अक्का, माझ्या जागी ह्याला घ्या. तोच लेथ द्या. तो मी चांगला बसवलाय."

मी म्हटलं, दुसरा देते. तो म्हणाला, बेडा, नको, तोच. त्याच्याशी वाद घालायचं तोंड माझ्याकडे नव्हतं. भावाचं कार्ड मी आधी करून घेतलं, मग त्याला तिथे उभं केलं. त्यानं पहिला पट्टा चढवला तेव्हा शाफ्ट बंद होता आणि स्विचवर माझा हात होता.

खुर्ची मी तिथेच मांडली, स्विचखाली. ऑफिसात बसलेच नाही. कारखाना विकेपर्यंत वर्षानुवर्षं तिथे बसूनच हिशेब केले, पगार दिले, डबा खाल्ला. दिवसातून कितीदा तरी कुणी ना कुणी हाक मारायचं, "अक्का!" कुणाला तेल हवं असायचं, कुणाला रजा, कुणाला चहाचं विचारायचं असायचं. माझा हात आधी वर जायचा, आणि अख्खा शाफ्ट थांबायचा. माणसं हसायची. मग मी पुन्हा चालू करायची.

आता मी मुलाकडे राहते. परवा सुनेनं आतून जरा मोठ्यानं हाक मारली, काहीतरी सापडत नव्हतं म्हणून. ती बाहेर आली तेव्हा मी उभी होते आणि कोऱ्या भिंतीवर हात चाचपत होते. "काय शोधताय, आई?" तिनं विचारलं.